लिंकमध्ये मराठी अक्षरं आणि खास चिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी संकेतस्थळं बांधते आणि सांभाळते. त्यात एक वाचनालय आहे, दोन शाळा आहेत, एक गिर्यारोहकांचा गट आहे आणि पाककृतींची काही पानं आहेत. या सगळ्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा निरोप एकच असतो: "ताई, लिंक उघडत नाही." दहातल्या बऱ्याच वेळा दोष सर्व्हरचा नसतो. पत्त्यात एखादं चिन्ह चुकीच्या जागी बसलेलं असतं, किंवा दिसायला बरोबर असलेलं अक्षर आतून वेगळं असतं. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वाचण्याआधी एक सूचना. या पानावर सगळे कोड देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे ‘%२०’, ‘%ई०%ए४’ असे. प्रत्यक्ष पत्त्यात टंकताना त्यातले अंक आणि अक्षरं रोमनच हवीत.

लिंक मराठीत दिसते, पण कॉपी करून पाठवली की टक्क्यांची लांबलचक रांग का होते?

कारण वेबच्या पत्त्याचा मूळ नियम रोमन लिपी धरून केलेला आहे. सध्या चालू असलेला नियम जानेवारी २००५ चा, आरएफसी ३९८६ नावाचा. तो टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मसिंटर यांनी लिहिला. त्यानुसार पत्त्यात कुठेही बिनधास्त वापरता येतील अशी चिन्हं फक्त ६६ आहेत: रोमन लहान-मोठी अक्षरं, दहा अंक, आणि जोडरेघ, टिंब, खालची रेघ, नागमोडी रेघ ही चार. आणखी १८ चिन्हांना पत्त्यात ठरलेली कामं आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. उरलेलं काहीही पाठवायचं असेल तर ते टक्क्याच्या कोडमध्ये बदलून पाठवावं लागतं.

‘म’ हे अक्षर घ्या. संगणक ते यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटमध्ये साठवतो. प्रत्येक बाइटसाठी एक टक्का आणि दोन चिन्हं लागतात, म्हणून ‘म’चं होतं ‘%ई०%ए४%एई’. एका अक्षराची नऊ चिन्हं झाली. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण संगणक म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच तुकडे मोजतो. पाच गुणिले नऊ, म्हणजे ४५ चिन्हं.

ही रांग पाहून घाबरू नका, ती लिंक बिघडलेली नसते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ‘%ई०%ए४’ किंवा ‘%ई०%ए५’ यांपैकी एकानेच सुरू होतं. एवढं लक्षात ठेवलं की अख्खी रांग न उलगडता ‘हे मराठी आहे’ हे नजरेनेच ओळखता येतं.

मग वाचता येईल अशी मराठी लिंक कॉपी कशी करायची?

संगणकावर क्रोममध्ये पत्त्याच्या शेवटी एक स्पेस द्या, मग पूर्ण पत्ता निवडून कॉपी करा. अक्षरं जशीच्या तशी येतात. पेस्ट केल्यावर शेवटची स्पेस मात्र आठवणीने काढा. फायरफॉक्समध्ये प्रगत सेटिंगच्या यादीत ‘डीकोड यूआरएल्स ऑन कॉपी’ असा पर्याय आहे, तो एकदा चालू केला की काम झालं. विकिपीडियाच्या लेखांसाठी विकिमीडियाची स्वतःची लघुदुवा सेवा २०१९ पासून आहे. मराठी विकिपीडियाचा लेख कुणाला पाठवायचा असेल तर मी तीच वापरते.

एवढा त्रास असेल तर पत्ता सरळ रोमनमध्येच का ठेवू नये?

माझं मत स्पष्ट आहे: मराठी पानाचा पत्ता मराठीत असावा. रोमनमध्ये ‘मला’, ‘माला’, ‘माळा’ आणि ‘मळा’ हे चारही शब्द एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. पत्ता पाहून पान शेतीचं आहे की फुलांच्या हाराचं, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? शिवाय ‘ळ’साठी कुणी एल लिहितो, कुणी एलएच. सहा महिन्यांनी आपलीच जुनी लिंक आपल्याला आठवून टंकता येत नाही. गूगलसारखी शोधयंत्रं देवनागरी पत्ते व्यवस्थित वाचतात, तिथे काही तोटा नाही.

अपवाद दोन. कागदावर छापायचा पत्ता आणि फोनवरून तोंडी सांगायचा पत्ता आखूड रोमनमध्ये ठेवा. फलकावर क्यूआर कोड लावणार असाल तरी तेच. पत्ता जितका लांब तितके कोडमधले चौकोन बारीक होतात, आणि उत्सवाच्या मांडवात पाच फुटांवरून तो फोनला वाचता येत नाही. छापील कामासाठी आखूड पत्ता घ्या आणि त्यावरून मराठी पत्त्याकडे वळवा.

वर्डप्रेसवर (संकेतस्थळ बांधायच्या प्रणालीवर) माझ्या लेखाच्या पत्त्यातले शेवटचे शब्द आपोआप गायब होतात. का?

हा प्रश्न मराठी लेखकांना रोजचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेखाच्या पत्त्याचा जो शेवटचा भाग असतो, त्याला वर्डप्रेसमध्ये ‘स्लग’ म्हणतात. तो साठवायला डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. आपल्या एकेका तुकड्याला मात्र नऊ चिन्हं लागतात, म्हणजे दोनशेत जेमतेम बावीस तुकडे मावतात. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला मोडका पाय हे सगळे स्वतंत्र तुकडे धरले जातात.

समजा, शीर्षक आहे ‘कोल्हापूरची मिसळ घरच्या घरी कशी करावी’. ‘कोल्हापूरची’मध्ये ११ तुकडे, म्हणून ९९ चिन्हं. एक जोडरेघ, झाली १००. ‘मिसळ’ची ३६, पुन्हा जोडरेघ, १३७. ‘घरच्या’ची ५४ आणि जोडरेघ, १९२. आता ‘घरी’मधला ‘घ’ घ्यायला नऊ चिन्हं हवीत आणि उरली आहेत आठ. वर्डप्रेस तिथेच थांबतं, शेवटची जोडरेघ काढून टाकतं आणि पत्ता उरतो ‘कोल्हापूरची-मिसळ-घरच्या’. कुणाच्या घरच्या, पुढे काय, काही पत्ता नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त प्रकाशित करण्याआधी करायचा. स्लगच्या चौकटीत स्वतःच ‘कोल्हापुरी-मिसळ’ असं लिहा. शीर्षक हवं तेवढं लांब ठेवा, पण पत्ता दोन-तीन शब्दांचाच असू द्या. शब्दांच्या मध्ये जोडरेघ ठेवा, खालची रेघ नको. गूगलचाही तोच सल्ला आहे.

पत्त्यातल्या मोकळ्या जागेचं काय? कधी ‘%२०’ दिसतं, कधी अधिकचं चिन्ह.

पत्त्यात मोकळी जागा चालतच नाही. तिचा क्रमांक ३२, तो सोळाच्या पायावर लिहिला की २०, म्हणून ‘%२०’. अधिकचं चिन्ह हे फक्त प्रश्नचिन्हानंतरच्या भागात, फॉर्म भरून पाठवताना, मोकळ्या जागेसाठी वापरतात. प्रश्नचिन्हाच्या आधीच्या भागात अधिक म्हणजे अधिकच. गोंधळ नको असेल तर सगळीकडे ‘%२०’ वापरा, ते दोन्हीकडे चालतं.

फाइल चढवण्याआधीच नावातल्या मोकळ्या जागा जोडरेघेने भरणं हे त्याहून चांगलं. ‘वार्षिक अहवाल अंतिम नवीन.पीडीएफ’ अशा नावाची लिंक ईमेलमध्ये ‘वार्षिक’पाशीच तुटते.

शब्द तोच, स्पेलिंग तेच, तरी ‘पान सापडले नाही’ येतं. हे कसं शक्य आहे?

आमच्या गिर्यारोहण गटाच्या पानावर हे मी प्रत्यक्ष अनुभवलं. एका विभागाच्या पत्त्यात ‘दऱ्या’ हा शब्द होता. मी टंकला की पान उघडायचं, गटातल्या एका काकांनी टंकला की उघडायचं नाही. दोघांचे फोन शेजारी ठेवून पाहिले. अक्षर न् अक्षर सारखं. शेवटी दोन्ही पत्ते टक्क्याच्या कोडमध्ये उलगडले तेव्हा उकल झाली. माझा शब्द ४५ चिन्हांचा निघाला, काकांचा ५४ चिन्हांचा.

त्याचं कारण असं, की ‘दऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’ घेऊन पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात: ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’. सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. कोणती तऱ्हा वापरली जाईल हे कीबोर्डवर ठरतं, वापरणाऱ्याला त्याचा गंधही नसतो. कोडमध्ये ‘%ई२%८०%८डी’ दिसलं तर ते अदृश्य जोडचिन्ह आहे असं समजा.

‘ॲ’ची गोष्ट याहून अवघड. ‘ॲप’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. खास मराठीच्या गरजेचा ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहायचे, किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरायचे. जुनी पानं तशीच आहेत आणि जुने कीबोर्डही. संगणकात अक्षरं एकसारखी करण्याची जी प्रमाण प्रक्रिया आहे, तिला एनएफसी म्हणतात. ती नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, सुटा पडलेला ‘ऱ’ एकत्र करते, पण ‘ॲ’च्या या तीन रूपांना एकमेकांचं मानत नाही. अदृश्य जोडचिन्हही ती काढत नाही. म्हणजे यंत्रावर सोडून देता येत नाही, नियम आपल्यालाच ठरवावा लागतो.

मी काय करते ते सांगते. पत्त्यात नेहमी ‘ॲ’ आणि ‘ऱ’ ही रूपं वापरते, आणि बाकीच्या रूपांवरून त्याच पानाकडे वळवणारे नियम सर्व्हरवर लिहून ठेवते. ज्या शब्दांत ही अक्षरं येतात, तेवढ्यांपुरतंच हे करावं लागतं. तो ‘दऱ्या’वाला विभाग आता काकांच्या फोनवरही उघडतो.

कोणती चिन्हं पत्त्यात सगळ्यात जास्त घोळ घालतात?

ज्यांना पत्त्यात काम नेमून दिलेलं आहे, तीच.

‘#’ हे सगळ्यात फसवं. त्याच्या पुढचं काहीही सर्व्हरपर्यंत जातच नाही, ते ब्राउझर स्वतःकडे ठेवतो. फाइलचं नाव ‘अंक#३’ असेल तर सर्व्हर फक्त ‘अंक’ शोधतो. नावात हे चिन्ह ठेवायचंच असेल तर लिंकमध्ये ‘%२३’ लिहा.

‘?’ च्या पुढचा भाग सर्व्हर प्रश्न म्हणून वाचतो, नाव म्हणून नाही. त्यामुळे प्रश्नार्थक शीर्षकाची फाइल सापडत नाही. कोड ‘%३एफ’.

‘/’ म्हणजे कप्पा बदलला. ‘अहवाल-२०२४/२५’ असं नाव दिलं तर ‘अहवाल-२०२४’ नावाच्या कप्प्यातली ‘२५’ शोधली जाते. इथे ‘%२एफ’ लिहूनही भागत नाही, कारण अपाची सर्व्हर वेगळी सेटिंग केल्याशिवाय असा पत्ता नाकारतो आणि थेट ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, दाखवतो. आर्थिक वर्ष जोडरेघेनेच लिहा.

‘%’ स्वतःच पत्त्यात हवा असेल तर ‘%२५’. ‘५०%-सूट’ असा उघडा टक्का पाहिला की त्यापुढे कोड आहे असं सर्व्हरला वाटतं आणि तो अडतो.

यूपीआयच्या लिंकमध्ये दुकानाचं नाव अर्धवट का दिसतं?

कारण बहुतेक वेळा नावात ‘&’ असतो. यूपीआयची लिंक ही साध्या वेब पत्त्यासारखीच रचलेली असते: घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, नाव, रक्कम, टीप, आणि प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये ‘&’. नाव ‘जोशी & सन्स’ असं उघडं लिहिलं की ॲप ‘जोशी’पाशी नाव संपलं असं समजतं. ‘&’ ऐवजी ‘%२६’ लिहा, म्हणजे पूर्ण नाव दिसेल. पैशाचा मामला आहे. अर्धवट नाव दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं आणि ते बरोबरच आहे. क्यूआर छापायला देण्याआधी दोन वेगवेगळ्या ॲपमध्ये तपासून घ्या.

व्हॉट्सॲपवर आधीच मजकूर भरलेली लिंक द्यायची आहे. मराठी मजकूर चालतो का?

उत्तम चालतो, पण पूर्ण मजकूर कोडमध्ये बदलून घ्या. ओळ तोडायची असेल तिथे ‘%०ए’. मजकुरात फोन नंबर असेल आणि त्याआधी देशाच्या कोडचं अधिकचं चिन्ह असेल, तर ते ‘%२बी’ असं लिहा, नाहीतर त्याची मोकळी जागा होऊ शकते. रुपयाचं चिन्ह, अवतरणचिन्हं, इमोजी यांचेही कोड होतात. हाताने करू नका, खाली सांगितलेल्या फंक्शनपैकी एखादं वापरा.

लिंक ईमेलमध्ये किंवा चॅटमध्ये मध्येच का तुटते?

लिंक कुठे संपली हे चॅटचं ॲप अंदाजाने ठरवतं. शेवटी कंस, पूर्णविराम किंवा स्वल्पविराम असेल तर ते लिंकचा भाग की वाक्याचा, हे त्याला कळत नाही. विकिपीडियावर तर कितीतरी शीर्षकं कंसातच संपतात, एकाच नावाची दोन गावं असली की कंसात जिल्हा येतो. असा पत्ता पाठवताना कंसांच्या जागी ‘%२८’ आणि ‘%२९’ टाका. लिंकच्या पुढे पूर्णविराम देऊ नका. तिला स्वतःची ओळ द्या.

पत्त्यात ‘%२५ई०%२५ए४’ असं काहीतरी दिसतंय. हे काय?

दोनदा कोड झालं आहे. आधीच कोडमध्ये असलेल्या पत्त्याला कुणीतरी पुन्हा कोडमध्ये टाकलं, त्यामुळे प्रत्येक टक्क्याचा ‘%२५’ झाला. एका ठिकाणी असं सापडलं की बातमीपत्र पाठवणाऱ्या एका सेवेकडून हे घडत होतं. आम्ही कोड केलेली लिंक देत होतो, सेवा ती पुन्हा कोड करत होती. तिथे उघडी मराठी लिंक दिली आणि प्रश्न मिटला. कोड एकदाच करायचं, आणि शक्यतो अगदी शेवटच्या टप्प्यावर.

लिंकच्या शेवटी ‘%ई२%८०%८बी’ किंवा ‘%सी२%ए०’ चिकटून येतं.

पहिलं शून्य रुंदीची जागा, दुसरं न तुटणारी जागा. वर्डमधून, पीडीएफमधून किंवा चॅटमधून कॉपी करताना ती येतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. पुसून टाका, लिंक उघडेल.

मॅकवरून चढवलेली फाइल सर्व्हरवर सापडत नाही.

मॅकची जुनी फाइलप्रणाली, एचएफएस प्लस, नावातली अक्षरं सुटी करून साठवायची. त्यामुळे ‘ऱ’ या एका अक्षराचं ‘र’ आणि नुक्ता असं दोन तुकड्यांचं रूप व्हायचं. लिनक्स सर्व्हर जसं नाव आलं तसं ठेवतो. मग पानातली लिंक एका रूपात आणि फाइल दुसऱ्या. नाव सर्व्हरवरच एकदा नव्याने टंकून बदला. फाइलच्या नावात ‘ऱ’ टाळला तरी चालेल, पानाच्या पत्त्यात टाळू नका.

डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या मुख्य पत्त्याचं, नावच मराठीत घेता येतं का?

येतं. देवनागरी ‘.भारत’ २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू झालं, आणि त्यात हिंदी, नेपाळी यांच्यासह मराठी आणि कोकणीही आहेत. पण डोमेनला टक्क्याचे कोड चालत नाहीत, त्यासाठी प्युनीकोड नावाची वेगळी पद्धत आहे. त्यामुळे काही ठिकाणी तुमचं नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं, अर्थ न लागणारं दिसेल. ते तुमचंच आहे. टिंबांमधल्या प्रत्येक भागाला, या रूपात, ६३ चिन्हांची मर्यादा असते. ‘ऱ’ आणि ‘ॲ’ असलेलं नाव डोमेनसाठी घेऊ नका.

मी स्वतः कोड लिहितो. कोणतं फंक्शन वापरू?

जावास्क्रिप्टमध्ये ‘एन्कोड-यूआरआय’ पूर्ण पत्त्यासाठी आहे, ते ‘&’, ‘?’, ‘#’ यांना हात लावत नाही. पत्त्याच्या एका तुकड्यासाठी, म्हणजे दुकानाचं नाव किंवा शोधशब्द यांसाठी, ‘एन्कोड-यूआरआय-कॉम्पोनंट’ घ्या. पीएचपीमध्ये ‘यूआरएल-एन्कोड’ मोकळ्या जागेचं अधिक करतं, ‘रॉ-यूआरएल-एन्कोड’ ‘%२०’ करतं; मी दुसरंच वापरते. पायथनमध्ये ‘कोट’ आणि ‘कोट-प्लस’ यांत हाच फरक. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ जाहीर करायला विसरू नका, कारण प्रश्नचिन्हानंतरचा भाग ब्राउझर पानाच्या एन्कोडिंगनुसार बदलतो.

जुने तुटके पत्ते दुरुस्त करायचे तर सुरुवात कुठून करू?

सर्व्हरच्या नोंदीतून ४०४ आलेले पत्ते काढा आणि टक्क्यांचे कोड मराठीत उलगडून वाचा. लोक नेमकं काय शोधत आले होते ते तिथे लख्ख दिसतं. वाचनालयाच्या नोंदीत ‘दिवाळी-अंक’ हा पत्ता पुन्हा पुन्हा आला होता. आमचं पान होतं ‘दिवाळीअंक’. चूक वाचकांची नव्हती. आपण तो शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहितो. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ क्रमांकाचं कायमचं वळण द्या आणि ते वळण कधीही काढू नका. कुणाच्या तरी वहीत, कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये तो जुना पत्ता अजून असतो.